‘क्रोबार’ला मराठीत काय: पहार, कटावणी की गज?

अर्धविराम
१९९८च्या ‘हाफ-लाइफ’ या व्हिडिओ गेमची मार्गदर्शिका मराठीत लिहितोय. ‘पहारीने जाळी फोडा आणि हवेच्या बोगद्यात शिरा’ असं वाक्य होतं. तपासणाऱ्याने ‘पहारीने’ खोडून ‘कटावणीने’ केलं. मला पहारच योग्य वाटते. काय ठेवू?

लोहार
कटावणी. पहार म्हणजे चार-पाच फूट लांब, सरळ, जड. खड्डा खणायला, दगड हलवायला. दोन हातांनी उचलून उभी आपटतात. खेळाचा नायक गॉर्डन फ्रीमन एका हाताने फिरवतो ती आखूड, लाल, टोकाला वाकलेली. वाकलेलं टोक फटीत घालायचं, बाकाचा टेकू करायचा आणि दांडा दाबायचा. पहारीला तो बाकच नसतो.

कानामात्रा
पण ‘कटावणीने कुलूप उचकटून’ हे घरफोडीच्या बातम्यांनी इतकं रुळवलंय की वाचकाला चोर दिसतो. फ्रीमन भौतिकशास्त्रज्ञ आहे. शिवाय त्याच्या हातून तिचा उपयोग फक्त ठोकायला: काच, खोकी, जाळ्या. मग ‘लोखंडी गज’ म्हणा की.

लोहार
गज खिडकीला असतो, त्याला टोक नसतं. पान्याने खिळा ठोकला म्हणून पान्याची हातोडी होत नाही. नाव वस्तूचं असतं.

स्वल्पा
‘क्रो’ म्हणजे कावळा. टोक त्याच्या चोचीसारखं किंवा पायासारखं, म्हणून ते नाव पडलं असं मानतात. मग ‘काकचंचू’ का नको? शब्द घडवले नाहीत तर भाषा उसनवारीवरच राहील.

मैत्रेयी
‘काकचंचू’ वाचून कुणाला हत्यार सापडणार नाही. खेळणारे सगळे ‘क्रोबार’ म्हणतात, तेच लिहा. ‘घाव’ हा शब्द मात्र आवर्जून वापरा. छतावरून जीभ सोडणाऱ्या ‘बार्नेकल’ या राक्षसी जीवाला पिस्तुलाच्या चार गोळ्या लागतात, क्रोबारचा एकच घाव पुरतो. जिभेने पकडलं की धडपडू नका. वर बघा, तोंडाजवळ ओढले गेलात की हाणा. एक घाव दोन तुकडे म्हणतात ते हेच.

स्वल्पा
रूढ आहे म्हणून ठेवायचं, तर ‘स्ट्रेफ’ही ठेवणार का? त्याचं मूळ जर्मन, अर्थ ‘शिक्षा करणे’. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांनी तो उचलला, मग खाली उतरून गोळीबार करणाऱ्या विमानांना लागला, आणि ‘डूम’सारख्या खेळांत त्याचा अर्थ उरला नुसतं बाजूला सरकणं. इंग्रजीतच ज्याचा अर्थ तीनदा बदलला, तो तसाच उचलायचा कशाला? ‘तिरकं चालणं’ स्वच्छ मराठी आहे.

लोहार
स्वच्छ आहे, पण चूक. बुद्धिबळात उंट तिरका जातो, हत्ती सरळ आणि आडवा. स्ट्रेफ ही हत्तीची आडवी चाल. पुढची आणि बाजूची कळ एकत्र दाबली तर तिरकं. हा फरक हवेत फार महत्त्वाचा. उडी मारल्यावर पुढची कळ सोडायची, फक्त बाजूची धरायची आणि माउस त्याच बाजूला हळू वळवायचा, म्हणजे वेग वाढत जातो. कारण हवेत इंजिन, म्हणजे खेळ चालवणारं सॉफ्टवेअर, तुमच्या इच्छित दिशेतला वेगच मोजतं आणि तिथे खेळातल्या ३० एककांची मर्यादा घालतं. कळ आडवी असेल तर त्या दिशेचा वेग जवळजवळ शून्य असतो, म्हणून भर पडत राहते. पुस्तिकेत ‘तिरकं’ छापलंत तर वाचक दोन्ही कळा दाबेल आणि वेग वाढणारच नाही.

कानामात्रा
हे पटलं. ‘आडवं सरकणं’ ठेवा. पण याहून मोठा घोळ ‘क्राउच’चा. ‘वाकणं’ लिहू नका. उभ्याची उंची ७२ एककं, क्राउचची ३६. निम्मं होणं म्हणजे ‘उकिडवं बसणं’. उंच खोक्यावर चढायला आधी उडी, मग हवेत उकिडवं. पाय १८ एककं वर ओढले जातात, त्यामुळे ४५च्या उडीत ६३पर्यंतची कड गाठता येते.

मैत्रेयी
आणि ‘झेन’ या खेळाच्या शेवटाकडच्या परग्रही जगातली लांब उडी नेमकी उलटी: पुढे पळताना आधी उकिडवं, लगेच उडी. क्रम चुकला की साधी उडी होते आणि माणूस दरीत. झेनला लोक कंटाळवाणं म्हणतात. माझ्या मते तो भाग वाईट नाही, शिकवणी वाईट आहे. झेनच्या आधीच्या लँबडा संकुलात लांब उडीचं यंत्र हातात पडतं आणि थोड्याच वेळात कमी गुरुत्वाकर्षणात तरंगत्या बेटांवर उड्या मारायला लावतात. म्हणून दोन उड्यांना दोन वेगळी नावं द्या, दोन्हीकडे ‘बसून उडी’ नको.

स्वल्पा
पहिलीला ‘उकिडवी उडी’, दुसरीला ‘लांब उडी’. दुसरा शब्द मैदानी खेळांत आधीच आहे.

कानामात्रा
‘उकिडवी उडी’ नाही चालणार. उकिडवं बसतात, उकिडवं उडत नाहीत. ‘पाय आखडून उडी’ म्हणा.

अर्धविराम
‘पाय आखडून’ घेतो. पण पहारीचं काय ठरलं?

लोहार
पहार नाहीच. कटावणी.

कानामात्रा
गज.