मदत हवी आहे: टरबूज-काकडीच्या कोशिंबिरीला फार पाणी सुटतंय
ताई-दादांनो, परभणीत ऊन ४२ च्या वर गेलंय, दुपारी गॅस पेटवायचं जिवावर येतं म्हणून टरबूज, काकडी, कांदा, किसलेली कैरी आणि जालन्याच्या मोसंबीच्या फोडी अशी गारेगार कोशिंबीर करतेय. लेकरं आवडीनं खातात, पण अर्ध्या तासात ताटलीत नुसतं लालसर पाणी, काकडी लुळी अन् मोसंबी कडसर लागते. मीठ ऐनवेळी घातलं तर थोडा फरक पडला. सासूबाईंना चावत नाही, बारीकच चिरावं लागतं आणि बारीक चिरलं की पाणी अजूनच सुटतं. काकडीच्या बिया काढू का? दाण्याचा कूट घातला तर लगदा होईल का? रविवारी माहेरची दहा माणसं येणारेत, आधी काय काय चिरून ठेवता येईल तेवढं सांगा ना प्लीज.