मदत हवी आहे: घरी पीसी जोडला, पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाहीये (नाशिक)

नमस्कार मंडळी, मी नाशिकला सिडकोत राहते. पप्पांचं घरूनच डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, बॅनर, पावती पुस्तकं, सगळं कोरल आणि श्रीलिपी सॉफ्टवेअरवर. त्यांचा जुना कोअर टू ड्युओ पीसी मोठी फ्लेक्सची फाईल उघडली की अडकूनच बसतो, म्हणून यावेळी ठरवलं की पार्ट आपण निवडायचे आणि घरीच जोडायचं, कारण तयार मशीनमध्ये आत एसएमपीएस (पॉवर सप्लाय) कोणता टाकलाय, रॅम कोणती टाकलीय हे कोणी धड सांगत नाही आणि पप्पांना हे मशीन बरीच वर्षं चालवायचंय.

पार्ट: रायझन ५ ५६००जी, बी४५० चिपसेटचा बोर्ड (मदरबोर्ड), डीडीआर४ ८ जीबीच्या दोन स्टिक, ५०० जीबी एनव्हीएमई (एसएसडी), ४५० वॉटचा ब्रॉन्झ एसएमपीएस. ग्राफिक्स कार्ड वेगळं घेतलं नाही, जी वाल्या प्रोसेसरमध्ये ते आतच असतं. बोर्ड इथल्याच एका दुकानातून घेतलाय, बाकी ऑनलाइन.

आता बटण दाबलं की पंखे फिरतात, बोर्डावरचा लाईट लागतो, पण मॉनिटरवर नो सिग्नल. मॉनिटर जुनाच आहे, त्याला फक्त व्हीजीए, म्हणून मध्ये एचडीएमआयचा कन्व्हर्टर लावलाय. २४ पिनची आणि प्रोसेसरजवळची ८ पिनची वायर काढून परत घट्ट बसवून झाली, रॅम एकेक करून लावली, सेल काढून सीमॉस क्लिअर केलं (म्हणजे बोर्डाच्या सेटिंग मूळ जागेवर आणल्या), काही फरक नाही.

खरी अडचण अशी की जो तो सांगतो दुसरी रॅम लावून बघ, दुसरा प्रोसेसर लावून बघ, आणि माझ्याकडे दुसरं काहीच नाहीये. स्पेअर पार्ट नसताना नेमकं काय बाद आहे हे कसं शोधायचं? ऑनलाइनवाल्या पार्टची रिटर्नची मुदत संपत आलीये, चांगलाच पार्ट परत पाठवला तर लग्नसराईच्या तोंडावर सगळंच लटकेल. आणि अजून एक, आई कॅबिनेट पुसायला गेली तर तिच्या हाताला बारीक झिणझिण्या आल्या. हे त्याच्यामुळेच का? प्लीज सांगा.

इंदिरानगरकर: ताई, बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी झिणझिण्यांचं बघा. डिस्प्लेशी त्याचा बहुतेक संबंध नाही, पण भिंतीवरच्या स्विचबोर्डाला अर्थिंग नसणार. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात ते थोडा करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर सोडतात, तो अर्थिंगमधून जायला पाहिजे, अर्थिंगच नसलं की पत्र्यावरच राहतो आणि हात लावणाऱ्याला जाणवतो. जुन्या घरांमध्ये बऱ्याचदा तीन पिनचा सॉकेट असतो पण वरच्या भोकात वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलवून चेक करून घ्या, तोवर मशीन लावू नका आणि आईंना हात लावू देऊ नका.

जुनाटेक: इंदिरानगरकर बरोबर बोलले. ते झालं की मग पुढचं करा. स्पेअर लागत नाही, घरातला टीव्ही आहे ना? बोर्डाचा एचडीएमआय सरळ टीव्हीला लावा, कन्व्हर्टर आणि मॉनिटर दोघांचा संशय तिथेच मिटेल. तरी नाही आलं तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, कॅबिनेटमध्ये एखादा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो छोटा स्क्रू) नको त्या जागी असला तर बोर्ड मागून शॉर्ट होतो. फक्त दोन पॉवरच्या वायरी, कूलर आणि एकच रॅम ठेवा, एनव्हीएमई पण काढा. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की मशीन चालू होतं. आणि बोर्डाला लावायचा छोटा स्पीकर मिळतो, अगदी स्वस्त असतो, तो आणाच. सगळी रॅम काढून चालू करा. बीप वाजली तर प्रोसेसर आणि बोर्ड जागे आहेत, मग रॅम किंवा स्लॉटकडे बघायचं. काहीच वाजलं नाही तर प्रोसेसर, बायोस (बोर्डातलं मशीन चालू करणारं सॉफ्टवेअर) किंवा पॉवर. बहुतेक बोर्ड असंच वागतात.

रायझनप्रेमी_सातपूर: बोर्डाच्या खोक्यावर रायझन ५००० डेस्कटॉप रेडी असं स्टिकर आहे का? बी४५० आला २०१८ ला आणि ५६००जी दुकानात आला २०२१ ला. बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल तर त्याच्या बायोसला हा प्रोसेसर ओळखताच येत नाही, पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी. पार्ट सगळे चांगले असतात, माणूस मात्र रॅम बदलत बसतो. काही बोर्डांना मागे बायोस फ्लॅशचं बटण असतं, पेनड्राइव्हवरून प्रोसेसर न लावताही अपडेट होतं. बटण नसेल तर जुना रायझन लावूनच करावं लागतं, ते दुकानदाराकडूनच करून घ्या. रिटर्नच्या भानगडीत आत्ता पडू नका.

(धागाकर्ती): सगळ्यांचे खूप खूप आभार, अपडेट देते. इलेक्ट्रिशियन काका आले होते, त्या खोलीच्या स्विचबोर्डात अर्थिंगची वायर खरंच जोडलेलीच नव्हती, ती जोडून घेतली, झिणझिण्या बंद. टीव्हीवर पण काही आलं नाही, बोर्ड खोक्यावर ठेवून रॅम काढून स्पीकर लावला, एक बीप नाही. खोक्यावर स्टिकर पण नाही. मग बोर्ड घेऊन दुकानात गेले, त्यांनी जुना प्रोसेसर लावून बायोस अपडेट करून दिलं आणि माझा ५६००जी लावल्यावर तिथल्या तिथे डिस्प्ले आला. घरी कन्व्हर्टरवर पण चालतंय, विंडोज टाकून झालं, पप्पांनी सगळ्यात मोठी फाईल उघडून बघितली. आता एकच, रॅम ३२०० ची घेतलीये पण टास्क मॅनेजरमध्ये स्पीड २४०० दाखवतंय, हे कसं?

जुनाटेक: बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण स्पीडने चालवायची सेटिंग) चालू करा, काही बोर्डांवर त्याला डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी म्हणतात. अपडेट नंतर सगळी सेटिंग मूळ जागेवर येतात. ५६००जी चं ग्राफिक्स रॅममधूनच जागा घेतं, त्यामुळे रॅमचा स्पीड वाढला की कोरलमध्ये झूम करताना फरक कळू शकतो. आणि बोर्डाला चार स्लॉट असतील तर स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा, म्हणजे ड्युअल चॅनेल मिळेल (दोन्ही स्टिक एकाच वेळी काम करतील).