मालदीव: खोली परवडतेय, बाकीच्याचं काय करायचं?

भरतीओहोटी
मंडळी, ऑगस्टअखेरीस आम्ही दोघं आणि दीड वर्षाची लेक मालदीवला चाललोय, पाच रात्री. विमानाची तिकिटं निघालीत, आता माघार नाही. एका रिसॉर्टची खोली रात्रीला २०० डॉलरला दिसतेय. स्वस्त मिळाली म्हणून खूश होते, तर दरापुढे अधिकची दोन चिन्हं दिसली. ही काय भानगड आहे? मैत्रीण म्हणते, तिथे पाण्याच्या बाटलीला हात लावतानाही विचार करशील. कुठे पैसे सोडावेत, कुठे हात आखडावा, जाऊन आलेल्यांनी सांगा.

खारावारा
ताई, एक चिन्ह सेवाशुल्काचं, दुसरं पर्यटन जीएसटीचं. आधी १० टक्के सेवाशुल्क, मग त्या वाढलेल्या रकमेवर १७ टक्के कर (जुलै २०२५ पासून, आधी १६ होता). २०० चे झाले २५७. वर हरित कर, रिसॉर्टवर माणशी रोज १२ डॉलर. दोन वर्षांखालच्या मुलांना तो नाही, म्हणजे लेकीचा वाचला. एका रात्रीचे २८१ आणि अजून घासभर अन्न पोटात गेलेलं नाही. मेन्यूकार्डावरच्या दरांनाही बहुतेक ठिकाणी हीच दोन शेपटं असतात.

पण खरा फटका खोलीचा नाही, नेण्या-आणण्याचा. लांबचं बेट असेल तर सीप्लेन (पाण्यावर उतरणारं छोटं विमान), आणि त्याचे जाऊन-येऊन माणशी ४००-५०० डॉलर सहज होतात. शिवाय ते अंधारात उडत नाही. तुमचं विमान संध्याकाळी उतरणार असेल तर पहिली रात्र राजधानी माले किंवा शेजारच्या हुलहुमालेत काढावी लागेल, तेही पदरचे पैसे घालून. म्हणून खोलीचा दर नंतर, आधी नेण्या-आणण्याचा विचारा.

शिंपलावेचा
रिसॉर्टचा नाद पाचही रात्री कशाला? एका बेटावर एकच रिसॉर्ट. भूक लागली तर दुसरीकडे जाणार कुठे, पोहत? मासे आणि नारळ सोडले तर जवळजवळ सगळं बाहेरून जहाजानं येतं, त्यात स्पर्धा नाही. मग ते मागतील तो भाव.

वस्तीच्या बेटावर गेस्टहाऊसमध्ये राहा. माफुशी, थुलुसधू, धिगुरा, कुठेही. ५० किंवा त्याहून कमी खोल्यांच्या गेस्टहाऊसला हरित कर निम्मा, ६ डॉलर. गल्लीत दुकानं असतात, पाण्याचा मोठा कॅन घेऊन ठेवायचा. सकाळी चहाच्या टपरीवर मास हुनी (टुना, खोबरं, कांदा, मिरची) आणि रोशी (तिथली पोळी). आम्ही चार दिवस त्यावर काढले, आणि रिसॉर्टच्या बुफेपेक्षा तेच आठवतं. पैसे रुफियात, म्हणजे तिथल्या चलनात द्या.

नियम मात्र पाळायचे: दारू नाही, आणि पोहण्याचे आखूड कपडे फक्त ठरवून दिलेल्या किनाऱ्यावर. बाटली घरून नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतात.

उन्हातलीमांजर
शिंपलावेचा यांच्याशी अर्धीच सहमत. माफुशीची सरकारी फेरीबोट दोन-तीन डॉलरची आहे खरी, पण दीड-दोन तास लागतात आणि शुक्रवारी भरवसा नाही. पावसाळी समुद्रात दीड वर्षाचं मूल घेऊन मी तरी बसणार नाही. तिथे स्पीडबोटीचे पैसे द्या, अर्ध्या-पाऊण तासात पोहोचाल. सगळीकडे कंजूषपणा करून चालत नाही!

ऑगस्ट स्वस्त आहे ते नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे. पाऊस सतत नसतो, पण एखादा दिवस वाया जाईल असं धरूनच चला. (नाताळात गेलो होतो तेव्हा एका रिसॉर्टनं न मागितलेल्या मेजवानीचे पैसे बिलात चढवले होते. सक्तीची होती म्हणे. त्यापेक्षा पाऊस परवडला.)

भरतीओहोटी
बाप रे, २८१! नवऱ्याला दाखवलं, तो गप्पच झाला. आता असं ठरतंय: चार रात्री गेस्टहाऊस, शेवटची एक रिसॉर्टवर. बरोबर?

खारावारा
ती एक रात्रही कशाला? बरीच रिसॉर्ट दिवसभराचा पास देतात. जेवण, पोहण्याचा तलाव, किनारा, संध्याकाळी बोटीनं परत. पाण्यावरच्या खोलीत झोपायची हौसच असेल तर वेगळं. पास घेताना जाण्या-येण्याची बोट धरलीय का आणि कर धरलेत का, दोन्ही लेखी विचारा.

उन्हातलीमांजर
आणि डायपर, सनस्क्रीन, पोहण्याचा मास्क घरूनच न्या. मास्क भाड्यानं मिळतो, पण पाच दिवसांच्या भाड्यात नवा येईल. डायपर मोजून घेतलेत त्याच्या दीडपट न्या, येताना बॅग रिकामी होतेच.