चष्म्याच्या घरातले कात्रण

वृत्तपत्रांना ज्येष्ठांच्या आरोग्याची आठवण १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनापुरतीच होते, असे म्हटले जाते, ते मला पटते. परंतु एरवी ज्या बातम्या येतात त्या अर्ध्यावरच सोडल्या जातात, हे मला अधिक गंभीर वाटते. केंद्र सरकारने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजना खुली केली, तेव्हा ‘५ लाखांचे मोफत उपचार’ या मथळ्याचे कात्रण माझ्या आत्याने चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवले होते.

पुढे न्हाणीघरात पाय घसरून तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया योजनेतून झाली, याबद्दल आम्ही कृतज्ञच आहोत; मात्र ही योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी असून घरी सोडल्यानंतर फार तर १५ दिवसांचा खर्च तीत धरला जातो, हे आम्हाला तेव्हा कळले. कूस बदलायला, उठवून बसवायला ठेवलेल्या बाईंचा पगार, महिनोन्महिने चाललेली फिजिओथेरपी आणि रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या हा सारा भार घरावरच पडला. शिवाय ५ लाखांची मर्यादा वर्षाला कुटुंबामागे आहे, म्हणजे पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ती रक्कम दोघांत मिळून वापरायची असते.

बातमीदाराने तालुक्यातले कोणते रुग्णालय योजनेत आहे एवढे जरी छापले आणि सोबत १४५५५ हा मदत क्रमांक दिला, तरी वृद्धांची पायपीट वाचेल.