मदत हवी आहे: कोजागिरीचा चंद्र उगवताना सोलापुरात कुठून बघावा?

नमस्कार मंडळी. दरवर्षी गच्चीवर दूध आटवतो, पण समोरच्या अपार्टमेंटमुळे चंद्र दिसेपर्यंत तो चांगला वर आलेला असतो. यंदा क्षितिजावरून वर येताना बघायचा आहे. पौर्णिमेला सूर्य मावळतीला आणि चंद्र पूर्वेला साधारण एकाच सुमारास, म्हणजे तो तांबूस, मोठा भासणारा गोळा संध्याकाळीच गाठावा लागणार. मध्यरात्रीचं दूध आहेच नंतर!

हिप्परगा तलाव मनात आहे. पूर्वेला मोकळं पाणी दिसेल अशी पश्चिमेकडची, बायकापोरांना घेऊन थांबता येईल अशी जागा तिथे कोणती? खरी अडचण रस्त्याची आहे. कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी तो रस्ता भरलेला असतो, वाहतूक वळवतात. मग चारचाकी हिप्परग्यापर्यंत जाते का, की दुसरीकडून यावं लागतं? सोबत आई आहे, तिला फार चालवत नाही. ते जमत नसेल तर कंबर तलाव कसा राहील? सिद्धेश्वर तलाव नका सुचवू, तिथे दिव्यांचाच उजेड फार.

आणखी एक. मोबाइलवर चंद्राचा नुसता पांढरा ठिपका येतो. चंद्रावर ऊनच पडलेलं असतं, म्हणून एक्स्पोजर दिवसासारखं कमी ठेवायचं, एवढं कळलंय. पण मग खालचं पाणी काळंकुट्ट होतं. दोन्ही एका फोटोत कसं आणता? अंधार पडायच्या आत काढावा का?