भयकथासंग्रह एका बैठकीत? काहीही!

रातकिडा: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं: “इंग्रज लेखक एम. आर. जेम्सचा १९०४ चा भूतकथासंग्रह एका रात्रीत संपवला. आठ कथा, भूत जेमतेम दिसतं. ओव्हररेटेड.” अहो, दुसरं काय होणार? विद्वान गृहस्थ, जुनी वस्तू, नको ती चौकशी हा साचा तिसऱ्या कथेत ओळखीचा होतो आणि डोळे ओळी गाळू लागतात. ‘नंबर १३’ मध्ये रात्री उजव्या खिडकीशी ओढलेल्या सिगारेटचं थोटूक सकाळी मधल्या खिडकीत सापडतं. त्याच खोलीला रात्री खिडक्या दोन, सकाळी तीन! हे निसटलं तर हाती उरतं डेन्मार्कमधलं एक हॉटेल. रात्री एकच कथा वाचा.

तर्कटराव: ती पोस्ट माझी. साचा एकच हे तुम्हीच कबूल करताय, वर दोष वाचकाचा? इंग्रज लेखक जेकब्जची ‘मंकीज पॉ’ बघा, तीन इच्छा पुरवणाऱ्या माकडाच्या पंजाची कथा. १९०२ च्या त्या संग्रहात विनोदी कथाही आहेत. वाचक बेसावध सापडतो.

रातकिडा: तिथे तरी कुठे दिसतं भूत? मेलेला मुलगा दारात आलाय म्हणून आई अडसर काढते तोवर बापाने तिसरी इच्छा मागितलेली असते. बाहेर रिकामा रस्ता. ते चालतं वाटतं?

कंदील: अवांतर: ऐका की त्यापेक्षा. जेम्स स्वतः केंब्रिजला नाताळात मित्रांना वाचून दाखवायचा, एक मेणबत्ती ठेवून बाकीच्या विझवून.

पिंपळपार: ऐका म्हणे! हल्ली ऑडिओबुकात पहिल्या मिनिटापासून व्हायोलिन किंचाळतं. जेम्सच्याच ‘ओ, व्हिसल’ मध्ये मोलकरीण विचारते, जादा पांघरूण कुठल्या पलंगावर घालू? सकाळी दोन्ही आवरावे लागले. खोलीत झोपणारा एकटाच! हे वाक्य सपाट आवाजात यायला हवं, मग दोन सेकंद शांतता. तिथे ढोल बडवला की कथा मेली.

कंदील: संगीत बारीक करा ना.

पिंपळपार: एकाच ट्रॅकमध्ये मिसळलेलं असतं, साहेब. ते बारीक केलं की वाचणाराही बारीक होतो.

कंदील: मग नुसता तानपुरा?

पिंपळपार: भजन आहे का?! पंख्याची घरघर पुरे.

तर्कटराव: धागा कशाचा, भांडण कशाचं! असो. थोटूक सुटलं होतं, आत्ता पाहिलं. खूश? शेवटच्या दोन कथा मात्र रटाळच.

रातकिडा: त्यातली एक ‘व्हिसल’ आहे. आठातली सातवी. किती वाजले होते तेव्हा?

तर्कटराव: पावणेतीन.