इव्हॉन फ्लेचर, १९८४: पोलिसांनी वकिलातीत शिरायला हवं होतं का?

मिलिंद_क
१७ एप्रिल १९८४, लंडनचा सेंट जेम्स चौक. लिबियाच्या वकिलातीसमोर तिथला हुकूमशहा गद्दाफी याच्याविरोधात निदर्शनं चालू होती. बंदोबस्तावर असलेल्या २५ वर्षांच्या शिपाई इव्हॉन फ्लेचर निदर्शकांकडे तोंड, वकिलातीकडे पाठ करून उभ्या होत्या. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून गोळीबार झाला, गोळी पाठीत शिरली, त्या गेल्या. नंतर अकरा दिवस नुसता वेढा, आणि शेवटी आतल्या सगळ्यांना विमानात बसवून दिलं. आत शिरायलाच हवं होतं. जिथून गोळ्या सुटतात ती वकिलात कसली?

उत्तरा_ज
वकिलातींना संरक्षण देणाऱ्या व्हिएन्ना या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम २२ ला अपवाद नाही. दूतावासप्रमुखाच्या संमतीशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. २२ एप्रिलला संबंध तोडले, तरी कलम ४४ नुसार त्यांना जाऊ देणं भाग होतं. शिवाय त्रिपोलीतल्या ब्रिटिश वकिलातीलाही वेढा पडला होता. तिथल्या माणसांचं काय झालं असतं?

मिलिंद_क
कलम ४१ पण वाचा, इमारतीचा भलता वापर करायचा नाही. करार आधी त्यांनी मोडला. १९८० मध्ये लंडनमधल्याच इराणच्या वकिलातीत ब्रिटिश कमांडो शिरले तेव्हा?

उत्तरा_ज
ते उलट प्रकरण. तिथे वकिलातीचे लोक ओलीस होते, बंदूकधारी बाहेरून घुसलेले. आणि करार मोडला तर उपाय करारातच आहे: कलम ९, हकालपट्टी.

जुना_वाचक
दारावरच भांडताय, पण खरी गळती बॅगांतून झाली. कलम २७ मुळे डिप्लोमॅटिक बॅग, म्हणजे वकिलातीचं सीलबंद सामान, उघडताही येत नाही, अडवताही येत नाही. २७ एप्रिलला त्या न तपासताच गेल्या. ३० तारखेला पोलीस आत गेले तेव्हा शस्त्रं, काडतुसं सापडली, पण खिडकीत उभा होता तो माणूस देशाबाहेर. त्याहून मला सलतं ते वेगळंच. निदर्शनं होऊ दिलीत तर परिणामांना आम्ही जबाबदार नाही, असं लिबियाने आदल्या रात्रीच कळवलं होतं. तरी समोर बिनहत्यारी शिपाई!

मिलिंद_क
हे पटलं. पण मग १९८७ चा कायदा का करावा लागला? वकिलातीचा दर्जाच काढून घेण्याचा अधिकार सरकारला त्यातूनच मिळाला. म्हणजे १९८४ ला हात तोकडे पडले हे त्यांनीच मान्य केलं.

उत्तरा_ज
तो अधिकारही आंतरराष्ट्रीय कायद्याच्या चौकटीतच वापरावा लागतो. २०१२ मध्ये विकिलीक्सचा ज्युलियन असांज लंडनच्या इक्वेडोर वकिलातीत लपला तेव्हा सरकारने इक्वेडोरला त्याचीच आठवण करून दिली, तरी आत कोणी शिरलं नाही. आणि एक सांगा: १९९९ मध्ये लिबियाने जबाबदारी स्वीकारून भरपाई दिली, २०१५ मध्ये एका लिबियन माणसाला अटकही झाली. २०१७ मध्ये खटला न भरताच त्याला सोडून दिलं, कारण राष्ट्रीय सुरक्षेसाठी पुरावा कोर्टात मांडता येईना. तेव्हा कुठलं कलम २२ आडवं आलं होतं?